कस्तुरीचे चार दिवस

नरसिंहरावांचं जगाशी भांडण असं नव्हतं. त्यांना फक्त जगाचा विटाळ होत असे. बसवनगुडीच्या भाड्याच्या घरात शेजारच्या खिडकीतून लसणाच्या फोडणीचा वास येई, पण त्यांनी शेजाऱ्याला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आलेल्या पैशांतून के. आर. पुरमच्या पलीकडे, जिथं तेव्हा निलगिरीच्या झाडांखेरीज कुणी राहत नव्हतं, तिथं जागेचा एक तुकडा घेतला आणि भोवती डोक्याच्या वर जाईल अशी भिंत घातली. भिंत आधी झाली, घर मागाहून. त्या भिंतीच्या आत ते, त्यांची बायको शकुंतलाबाई आणि तीन वर्षांची कस्तुरी असे तिघं राहायला आले, आणि बाहेर जे काही होतं ते बाहेरच राहिलं.

तीन-चार पिढ्या बेंगळुरात काढलेल्या या मराठी घरात सोवळ्याला कन्नडातला 'मडी' हाच शब्द चाले, आणि मडी हाच घरचा कायदा होता. पहाटे डोक्यावरून पाणी, ओला पंचा, मग पूजा संपून नैवेद्य होईपर्यंत कुणी कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्याच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही. शाळेत कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट मिळालं की कस्तुरी ते मुठीत धरून घरी आणी आणि नरसिंहराव ते भिंतीपलीकडच्या गायीला घालत. गायीला विटाळ नसतो. आपण गाय असतो तर फार बरं झालं असतं, असं कस्तुरीला तेव्हा मनापासून वाटे.

मुलींच्या कॉलेजात तिला घातलं तेव्हा नरसिंहराव तिला स्कूटरवरून सोडत आणि तास सुटेपर्यंत समोरच्या झाडाखाली बसून स्तोत्रं म्हणत. इतर मुलींना तो भविष्य सांगणारा वाटला. दोघींनी येऊन हातही पुढे केले. लग्नाचं म्हणाल तर स्थळं आली, पण आलेल्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकात नरसिंहरावांना कुठून तरी कांदा सापडला.

हे ऐकून कुणाला वाटेल, माणूस दुष्ट होता. तसा तो नव्हता, आणि हीच कस्तुरीची खरी पंचाईत होती. दुष्ट बापाशी भांडता तरी येतं. नरसिंहराव डाळिंबाचे दाणे काढून, पांढरं साल निवडून, वाटी भरून आणत. वाटी जमिनीवर ठेवत आणि दोन पावलं मागं सरत. मग ती उचलायची कस्तुरीनं.

आता त्या चार दिवसांबद्दल. महिन्याच्या त्या दिवसांत बायकांनी दूर बसायचं हे बहुतेक घरांत आजीबरोबर संपलं. नरसिंहरावांनी मात्र त्याची सोय घराच्या नकाशातच करून ठेवली होती. गच्चीवर एक खोली, तिला वेगळी मोरी, वेगळा नळ. दूर बसलेल्या बाईला घरातून जावं लागू नये म्हणून खोलीच्या दारापासून थेट मागच्या अंगणात उतरणारा लोखंडी जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीत, मागच्या गल्लीत उघडणारं छोटं दार. गवंड्यानं विचारलं होतं की हे दार कशाला. नरसिंहराव म्हणाले होते, त्या दिवसांतला कचरा पुढच्या फाटकातून न्यायचा नाही. आपल्या या योजनेचा त्यांना अभिमान होता. आल्या-गेल्याला त्यांनी ती दाखवलीही असती, पण त्या घरी येत-जात कोण होतं?

वर बसलेल्या बाईकडे नरसिंहराव मान वर करून बघत नसत. हाक मारत नसत. शकुंतलाबाई दुपारी ताट नेऊन खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवत आणि खाली येत. पाचव्या दिवशी न्हाऊन खाली उतरलं की बाई पुन्हा माणसांत.

मग आजाराचं ते वर्ष आलं आणि सगळं जग नरसिंहरावांसारखं वागायला लागलं. कुणी कुणाला शिवेना, बाहेरचं खाईना, भाजी आणली तर धुऊन वाळत घालू लागले. टीव्हीवर मोठमोठे डॉक्टर हात कसे धुवावेत ते शिकवत होते. नरसिंहराव बातम्या बघत आणि मंद हसत. आयुष्यात पहिल्यांदा ते सरकारवर खूश होते.

त्याच वर्षी कस्तुरीला नोकरी लागली, आणि ती लागू शकली ती केवळ घरात बसून करायची होती म्हणून. बोम्मसंद्र्याला पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती. पंप बिघडला की लोक फोन करत. त्यांना कुठला सुटा भाग लागेल ते सांगायचं आणि तो पाठवायची व्यवस्था करायची. कस्तुरीला हे काम फार आवडलं. दिवसभर तिच्या कानात आनेकलचे शेतकरी, हुबळीचे दुकानदार, कुठल्या कुठल्या गावचे मेकॅनिक बोलत. भिंतीच्या आत बसून ती अख्ख्या कर्नाटकाच्या विहिरीत डोकावत होती. दूर बसायच्या दिवसांत लॅपटॉपचं काय, असा प्रश्न आला तेव्हा नरसिंहरावांनी एक संध्याकाळ विचार केला आणि विजेला विटाळ नाही असा निर्णय दिला. पगारालाही नव्हता.

पण आजार गेला, जग पुन्हा घाणेरडं झालं, आणि एके दिवशी तिचा साहेब शंतनु, जो पुण्याहून येऊन इथं स्थिरावला होता, फोनवर म्हणाला, "कस्तुरी, बॅड न्यूज आहे. फुल रिमोट आता बंद. ॲटलीस्ट महिन्याचा शेवटचा वीक, मंडे टू थर्सडे, ऑफिसला यावंच लागेल. कंपनीची बस आहे, टिन फॅक्टरीच्या स्टॉपपासून. नाहीतर एचआर मला सोडणार नाही आणि मी तुला वाचवू शकणार नाही."

कस्तुरीला ती बॅड न्यूज वाटली नाही. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत.

तिनं वडिलांना सरळ विचारलं. नरसिंहराव पूजेची भांडी घासत होते. "सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे बरं; कस्तुरीला वाटलं, जमलं. "सरी, मग सोडून दे नोकरी. आपल्याला काय कमी आहे?"

"अप्पा, मला सोडायची नाही."

"बसमध्ये कोण कुठं बसलेलं असतं, माहीत आहे? पाणी कुठलं पिशील? आणि चार माणसांत बसून जेवशील?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी काळजी होती. "नको बाळ. विषय संपला."

विषय संपला, पण महिना संपायचा होता. रात्रंदिवस कस्तुरीच्या डोक्यात एकच गोष्ट: ही नोकरी गेली तर या भिंतीला पुन्हा एकही भोक उरणार नाही. दुसरी नोकरी कोण देणार, आणि ती घरी आणून कोण देणार? ती भिंतीकडे बघे, फाटकाकडे बघे, फाटकाच्या कुलपाकडे बघे. आणि मग एका दुपारी, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली असताना, तिची नजर त्या लोखंडी जिन्यावर पडली.

साहेबानं घरूनच काम करायला परवानगी दिली, एवढं तिनं अप्पांना सांगून टाकलं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी तिनं स्वयंपाकघराच्या दारातून आईला सांगितलं, "अम्मा, मी दूर आहे." आणि वर गेली. तिच्या शरीराचं आणि कंपनीच्या वेळापत्रकाचं त्या महिन्यात अजिबात जुळत नव्हतं, पण शरीराला विचारतो कोण. नरसिंहराव देवघरात बसले, घंटा वाजली, आणि घंटेच्या आवाजात जिन्याचा आवाज बुडाला. मागचं दार नुसतं लोटून ती गल्लीत आली आणि तिनं निलगिरीच्या एका झाडाला धरलं. मग तिनं ते सोडलं आणि चालायला लागली.

तर असं झालं. ज्या चार दिवसांत तिला घरातल्या कुणीही शिवायचं नव्हतं, बघायचं नव्हतं, हाक मारायची नव्हती, तेच चार दिवस ती सगळ्यांत मोकळी होती. रोज देवाइतकी शुद्ध असलेल्या मुलीला फाटकापर्यंत जायची मुभा नव्हती; अशुद्ध मुलगी सिल्क बोर्डच्या चौकातल्या गर्दीतून, खिडकीची काच सरकवून, होसूर रोडनं निघाली होती.

ऑफिसात तिच्या शेजारी अनुषा बसे, कोलारची, तोंडाळ आणि प्रेमळ. दुपारी ती कस्तुरीला ओढून कॅन्टीनमध्ये घेऊन गेली. ताटात चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात आला, आणि चित्रान्नात कांदा. कस्तुरी थांबली.

"येनायतु? काय झालं?" अनुषानं अर्ध्या कन्नडात, अर्ध्या हिंदीत विचारलं. "स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं चालवून घे. इथलं चित्रान्न असंच असतं."

कस्तुरीनं घास घेतला. आता काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. काही झालं नाही. फक्त मीठ जास्त झालं होतं. एवढ्यासाठी? तिला एकदम रडू आलं. अनुषाला वाटलं मिरची लागली, तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, आणि कस्तुरी तेही प्यायली.

तिचे खरे दिवस पुढच्या आठवड्यात आले. पुन्हा वर जाऊन बसणं शक्य नव्हतं. ती गपचूप खालीच राहिली, स्वयंपाकात हात लावला, देवासाठी फुलं वेचली, गंध उगाळलं. देवघरात काही पेटलं नाही. उलट नरसिंहराव पूजा आटोपून बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. "आज फार छान लागली पूजा," ते म्हणाले. कस्तुरीनं मान खाली घातली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत होतं ते भलतंच. इतकी वर्षं आपण नक्की कशाला भीत होतो, असं.

शकुंतलाबाईंना कधी कळलं हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण पहिल्या सोमवारी संध्याकाळी कस्तुरी परत आली तेव्हा उंबऱ्याबाहेरचं ताट तसंच होतं आणि सांबारावर मुंग्या तरंगत होत्या. ती धसकली. अम्मानं हे बघितलं असणार. खालून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच कस्तुरीनं दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर ताट नव्हतं. झाकण घट्ट लावलेला स्टीलचा डबा होता, त्यावर चमचा, आणि पिशवीही.

त्यावर मायलेकी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या घरात बोलून काही होत नसे.

असे महिने गेले. कस्तुरीचं बरं चाललं होतं. इतकं बरं की शंतनुनं एक दिवस तिला बोलावून घेतलं. "तुझं काम टॉप आहे. तुला सीनियर करतोय. फक्त एक आहे, आता सगळ्यांनाच आठवड्याला तीन दिवस कंपल्सरी. मॅनेज होईल ना?"

"होईल," कस्तुरी म्हणाली. बढतीच्या आनंदात तिनं हिशेब केलाच नाही. तो बसमध्ये बसल्यावर झाला, आणि तिनं तो बोटांवर पुन्हा पुन्हा केला.

आता ती दर आठवड्याला दूर बसू लागली. पाचव्या दिवशी न्हाऊन खाली यायची आणि सोमवार उजाडला की पुन्हा वर. नरसिंहराव बायकांच्या या गोष्टींत लक्ष घालत नसत, पण पंचांग बघणाऱ्या माणसाला आठवडे मोजावे लागत नाहीत. ते काळजीत पडले. "पोरीला काहीतरी झालंय," ते शकुंतलाबाईंना म्हणाले. "अगं, रक्त किती जातं म्हणायचं तिचं." जुन्या ओळखीच्या एका वैद्यांकडे ते स्वतः गेले, दोन बस बदलून, आणि येताना कडूजहर कषायाच्या, म्हणजे काढ्याच्या, बाटल्या घेऊन आले. त्यांनी नेम घालून दिला, दिवसातून दोनदा घ्यायचं. शकुंतलाबाई डब्याबरोबर कषायाची वाटीही उंबऱ्याबाहेर ठेवू लागल्या, आणि कस्तुरी ते मोरीत ओतू लागली. मोरीच्या तोंडाशी उगवलेली तुळस आठवड्याभरात वाळली.

बाप आपल्यासाठी देवापुढे हात जोडून बसतो, उपास करतो, हे तिला जिन्यावरून दिसे आणि वाईट वाटे. मग तिला रागही येई. मोकळं व्हायचं तर दर आठवड्याला घाण व्हायचं, आजारी व्हायचं, आणि असं किती वर्षं? तिचं स्वातंत्र्य तिला मिळालं होतं खरं, पण विटाळाच्या नावावर. तिच्या स्वतःच्या नावावर त्यातलं काहीच नव्हतं.

एका बुधवारी टाकीत पाणी चढेना. कस्तुरीला आवाजावरून कळलं की पंपानं हवा धरली आहे. फोनवर तिनं हे शंभर जणांना सांगितलं होतं. नरसिंहराव मात्र पूजा अर्धी टाकून, ओल्या पंच्यात, मागच्या अंगणात पंप बघायला आले. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांना त्यांची मुलगी दिसली. चुडीदार, खांद्याला बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

दोघंही जागच्या जागी थांबले.

"कुठं?" नरसिंहरावांनी विचारलं.

"ऑफिसला."

त्यांच्या चेहऱ्यावर एकेक आठवडा मागं जाताना दिसला. मग ते मागचं दार आणि ती यांच्यामध्ये येऊन उभे राहिले. "वर जा, कस्तुरी."

"बस निघून जाईल, अप्पा."

ती पायरीवरून खाली उतरली, आणि नरसिंहराव एक पाऊल मागं सरले. ठरवून नाही, सवयीनं. ते मडीत होते, ती दूर होती. तिनं आणखी एक पाऊल पुढं टाकलं, ते आणखी मागं सरले. कस्तुरीच्या ध्यानात आलं की अशीच चालत गेले तर हे बाजूला होतील. त्यांचाच नियम त्यांना बाजूला करील, आणि आपण दार उघडून जाऊ. रोज. जन्मभर.

नरसिंहरावांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "खरं सांग मला. आत्ता तू दूर आहेस की नाही?"

नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. ती मान हलवणार होतीच. पण त्या क्षणी तिला त्या खोलीचा, त्या उंबऱ्याचा, त्या कषायाचा असा संताप आला की तिच्या तोंडून खरं निघून गेलं.

"नाही, अप्पा. आज नाही, परवा नव्हते, आणि मागच्या महिन्यात होते तेव्हा तुमची फुलं मीच वेचली. मी नोकरीला जाते. बसमधून जाते, कॅन्टीनमध्ये जेवते. उद्याही जाईन."

ती शुद्ध होती. म्हणजे आता तिला धरता येत होतं.

नरसिंहरावांनी हात पुढं केला. तो तिच्या कोपराजवळ आला आणि तिथंच राहिला. ती परकर नेसायला लागल्यापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. मुलीला कुठं धरतात, किती घट्ट धरतात, हे त्यांना आठवत नव्हतं. कस्तुरीला त्यांची इतकी दया आली की क्षणभर तिला वाटलं, आपणच तो हात धरावा आणि वर जाऊन बसावं.

"शकुंतला," नरसिंहरावांनी हाक मारली. "शकुंतला, बाहेर ये. हिला धर."

शकुंतलाबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर आल्या. मडीचं लुगडं, हातात डबा. आयुष्यात नवऱ्याशी त्या एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या, निदान कस्तुरीला तरी आठवत नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं.

"मी कशी धरू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मी कालपासून दूर आहे."

कस्तुरीनं आईकडे वळून बघितलं. अम्माचं ते सगळं कधीच संपलं होतं. तेव्हाचे अंगाचे भडके, घामानं उठून बसणं, सगळं तिनं पाहिलं होतं. नरसिंहरावांना त्यातलं काही माहीत नव्हतं. बायको गेली काही वर्षं वर बसायला जात नाही, याचा अर्थ त्यांनी बहुधा असा घेतला होता की देव आपल्यावर प्रसन्न आहे.

"कालपासून?" ते म्हणाले. "मग सकाळची कॉफी?"

"मीच दिली."

"आणि नैवेद्य? आत देवापुढं ठेवलाय तो?"

"तोही मीच केला. कालचाही."

नरसिंहरावांचा पुढं केलेला हात खाली आला आणि ते दारासमोरून बाजूला झाले. त्यांनी देवघराकडे बघितलं, बंद पडलेल्या पंपाकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे. आधी काय धुवावं ते त्यांना कळेना, आणि धुवायला टाकीत पाणी नव्हतं.

"अप्पा, पंपानं हवा धरली आहे," कस्तुरी म्हणाली. "वरचा स्क्रू काढा आणि आत कळशीतलं पाणी ओता. पाच मिनिटांत चालू होईल."

तिनं मागच्या दाराची कडी काढली. शकुंतलाबाई अंगण ओलांडून आल्या. त्यांनी डबा पायरीवर ठेवला नाही. मुलीच्या हातात दिला, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही.

"संध्याकाळी पुढच्या फाटकातनं ये," त्या म्हणाल्या. "कुलूप मी काढून ठेवते."